दोन चिठ्ठ्या आणि एक नाडी

गेल्या चातुर्मासांतील एका एकादशीची सकाळ आम्ही सहसा विसरणार नाहीं. अंबाजोगाईच्या आमच्या जुन्या घरांत देवपूजेचा मान थोरल्या काकांचा. वय ७४, परंतु पहाटेचें स्नान, संध्या आणि पूजा यांत त्यांचा कधीं खंड पडलेला नाहीं. त्या दिवशीं देवांवर अभिषेकाचें पाणी सोडतां सोडतां त्यांच्या हातांतील पळी गळून पडली आणि ते पाटावरच एका अंगावर कलंडले. काकू धांवत आल्या. "अहो, काय होतंय?" एवढेंच त्या दोनदां म्हणाल्या. क्षणभरानें काकांनीं डोळे उघडले. चेहरा पांढरा फटक, अंगाला गार घाम. कोणी म्हणालें, उपासानें पित्त चढलें असेल. कोणी साखरपाणी आणावयास गेलें. वहिनींनीं मात्र त्यांचें मनगट धरलें आणि भिंतीवरील घड्याळाकडे पाहात ठोके मोजले. पुऱ्या मिनिटांत ३४.

रुग्णालयांत डॉक्टरांनीं आलेखपट्टी काढली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "यांच्या सगळ्या गोळ्या आणल्या आहेत का?" आम्हीं एक पिशवी पुढें केली. तींत तीन वर्षांपूर्वी पुण्याहून लिहून आणलेली मेटोप्रोलॉल नांवाची गोळी होती. छातींतील दुखण्यासाठीं ती काका रोज सकाळीं घेत. तेवढ्यांत धाकट्या चुलतभावानें खिशांतून दुसरी चिठ्ठी काढली. पंधरा दिवसांपूर्वी काकांना धडधड वाटली म्हणून त्यानें त्यांना गांवांतील एका डॉक्टरांकडे नेलें होतें. "आणखी कांहीं औषध चालू आहे का?" असें त्या डॉक्टरांनीं विचारलें असतां काकांनीं "विशेष कांहीं नाहीं" असें उत्तर दिलें. तीन वर्षें रोज घेतलेली गोळी त्यांच्या लेखीं औषध राहिलीच नव्हती. ती संध्येसारखी नित्यकर्मांत जमा झाली होती. या दुसऱ्या चिठ्ठीवर व्हेरापामिल हें औषध होतें. दोन्ही औषधें चांगलीं, दोन्ही हृद्रोगावरचींच. पण दोन्ही हृदयाच्या एकाच नाड्यावर पहारा बसवितात. दोन पहारेकऱ्यांनीं मिळून दार जवळजवळ बंदच केलें. डॉक्टरांनीं दोन्ही गोळ्या थांबविल्या, शिरेंतून औषध दिलें आणि दोन दिवस यंत्रावर नजर ठेवली. नाडी हळूहळू ६० वर आली. दोष कोणाचा म्हणावा? एक चिठ्ठी थोरल्याच्या कपाटांत, दुसरी धाकट्याच्या खिशांत, आणि दोन्ही एकत्र वाचणारा घरांत कोणीच नाहीं. दोष आमचाच होता, आणि तो आमच्यासारख्या अनेक घरांत असावा असें वाटल्यावरून या वेळचें हें सदर आम्हीं त्या विषयास वाहिलें आहे.

छातींतील ज्या कळीस डॉक्टर अँजायना म्हणतात आणि जिला आपण हृच्छूल म्हणूं, तिचें पहिलें नेटकें वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्यानें १७६८ सालीं लंडनच्या वैद्यसभेपुढें केलें. चालतांना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर, छातीवर ओझें ठेवल्यासारखें वाटावें आणि उभें राहतांच तें उतरावें, हें त्याचें लक्षण. कारण असें कीं, सर्व देहास रक्त पुरविणाऱ्या हृदयास स्वतःसही रक्त लागतें, आणि तें ज्या बारीक रोहिण्यांतून येतें त्यांच्या आंत वयानुसार मेदाचा थर बसतो. पाटाच्या तोंडाशीं गाळ साचला म्हणजे थोड्या पाण्यावर भागणारे वाफे कसेबसे जगतात, पण उन्हाळ्यांत मागणी वाढली कीं शेवटचा वाफा सुकतो; तसेंच हें. विश्रांतींत पुरणारें रक्त श्रमांत पुरत नाहीं आणि स्नायू कळ देतो. आपल्या घरांत या कळीस 'गॅस' किंवा 'पित्त' म्हणून ओवा-हिंग देण्याची जी चाल आहे, तिनें अनेकांचे बहुमोल तास घालविले आहेत.

परंतु हृदय हा केवळ पंप नव्हे. त्याला ताल आहे. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांतील एका बिंदूपासून प्रत्येक ठोक्याची सूक्ष्म विद्युल्लहरी निघते, मध्यावरील एका नाक्यावर किंचित् थबकते आणि मग खालच्या मोठ्या कप्प्यांत पसरते. जुन्या हृद्रोगांत हा ताल तीन प्रकारें बिघडतो. रक्ताची ओढाताण चालू असतां उपाशी पेशी चिडतात आणि मधेच अवेळीं ठोका टाकतात. पूर्वी झटका येऊन गेला असल्यास तेथें स्नायूऐवजीं निर्जीव व्रण राहतो. ओढ्यांतील खडकाभोंवतीं पाण्यानें भोवरा धरावा तशी लहरी त्या व्रणाभोंवतीं गरगरूं लागते, आणि हा भोवरा खालच्या कप्प्यांत जोरांत सुरू झाल्यास प्राणावर बेततें. तिसरें म्हणजे वार्धक्यानें नाका व त्याच्या वाटा झिजतात आणि ठोके मंद होतात किंवा गळतात. या तिहींवर चौथें कारण आपण स्वतः घालतों, तें म्हणजे औषध. जें औषध कळ शमवितें तेंच तालाशींही कांहींना कांहीं करीत असतें, ही गोष्ट कुटुंबांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी.

या औषधांचीं मुख्य घराणीं चार. पहिलें नायट्रेटांचें, म्हणजे जिभेखालीं ठेवावयाच्या गोळीचें. नायट्रोग्लिसरीन हें द्रव्य १८४७ सालीं इटलींत सोब्रेरोनें तयार केलें, तें सुरुंगासाठीं प्रसिद्धीस आलें, आणि १८७९ सालीं लंडनच्या विल्यम मरेलनें तें हृच्छूलावर वापरून दाखविलें. त्याच द्रव्याच्या सुरुंगावर ज्याचें वैभव उभें राहिलें त्या आल्फ्रेड नोबेल यासच आयुष्याच्या अखेरीस डॉक्टरांनीं तें औषध म्हणून सुचविलें, हा दैवाचा विनोद खुद्द त्यानेंच एका पत्रांत नमूद केला आहे. या गोळीनें शिरा सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो आणि रक्तदाबही खालीं येतो. दाब उतरला कीं नाडी धांवूं लागते. उभ्यानें गोळी घेतल्यास माणूस कोसळतो. म्हणून ती नेहमीं बसूनच घ्यावी.

दुसरें घराणें मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल इत्यादिकांचें. त्यांचा मूळपुरुष प्रोप्रॅनोलॉल. तो शोधणारे सर जेम्स ब्लॅक यांस १९८८ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. हीं औषधें ठोका मंद व शांत करितात, हृदयाची रक्ताची मागणी कमी करितात, आणि झटक्यानंतर येणाऱ्या घातक तालभंगापासून बचावही करितात. यांचा एक मात्र कडक नियम आहे: तीं एकाएकीं सोडूं नयेत. लगाम धरलेला घोडा अकस्मात् सोडावा तसें हृदय उधळतें. कळ वाढते, कधीं झटकाही येतो. थांबवावयाचींच असल्यास डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठ-पंधरा दिवसांत पायरीपायरीनें कमी करावीं. नाडी धोक्याच्या मर्यादेखालीं गेली, तर रुग्णालयांत देखरेखीखालीं तीं तत्काळ थांबविणें ही गोष्ट निराळी, आणि काकांच्या बाबतींत तेंच झालें.

तिसरें घराणें कॅल्शियमरोधकांचें, आणि त्यांत दोन पोटशाखा आहेत. अ‍ॅम्लोडिपिनसारखीं औषधें मुख्यतः रोहिण्या सैल करितात. व्हेरापामिल व डिल्टियाझेम हीं शिवाय मधल्या नाक्यावर लहरी अडवितात. यांतील दुसरी शाखा मेटोप्रोलॉलच्या घराण्याशीं एकत्र आली म्हणजे आमच्या काकांसारखी गत होते. व्हेरापामिलच्या बाबतींत तर विशेषेंकरून. चौथ्यांत नवीं औषधें येतात. आयव्हाब्रॅडिन हें ठोक्याच्या उगमबिंदूसच मंद करितें. पण १९,१०२ रुग्णांवरील जो मोठा प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत हृद्रोग आहे पण हृदय दुबळें झालेलें नाहीं अशांना त्यानें मृत्यू किंवा झटका टाळण्यास लाभ झाला नाहीं, आणि वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर मात्र थोडी अधिक आढळली. रॅनोलाझिनची कथा उलटी. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ६,५६० रुग्णांच्या प्रयोगांत मूळ अपेक्षित लाभ सिद्ध झाला नाहीं, परंतु पहिल्या सात दिवसांच्या अखंड आलेखांत खालच्या कप्प्याचे सलग आठ किंवा अधिक अवेळीं ठोके ८.३ टक्क्यांऐवजीं ५.३ टक्के लोकांत दिसले. तरीही हेंच औषध आलेखावरील एक विशिष्ट अंतर लांबवितें, आणि तें अंतर फार लांबलें कीं निराळाच घातक तालभंग उद्भवूं शकतो. एकाच औषधांत ताल सांवरण्याचा आणि ताल बिघडविण्याचा असे दोन्ही गुण असूं शकतात, तो असा.

"ठोका चुकतो, तर ठोका सरळ करणारी गोळी द्या ना!" असा आग्रह अनेक घरचीं माणसें धरतात. त्यांच्यासाठीं एक इतिहास सांगणें अवश्य वाटतें. झटका येऊन गेलेल्यांत अवेळीं ठोके दिसले तर पुढें धोका अधिक, हें ठाऊक झाल्यावर ते ठोके दाबणारीं औषधें द्यावींत ही कल्पना स्वाभाविकच होती. अमेरिकेंत एन्केनाइड व फ्लेकेनाइड या दोन औषधांची निष्पक्ष परीक्षा झाली. औषधांनीं ठोके तर सुरेख दाबले; परंतु सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकीं ६३ मृत्यू पावले आणि नुसती पोकळ गोळी घेणाऱ्या ७४३ पैकीं २६. प्रयोगाचा हा भाग १९८९ सालीं मुदतीपूर्वींच थांबवावा लागला आणि संपूर्ण अहवाल १९९१ सालीं आला. आलेख सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असें नव्हे, हा धडा वैद्यकशास्त्रानें फार मोठी किंमत देऊन घेतला.

याच्या उलट उदाहरण अ‍ॅमिओडॅरोनचें. १९६० च्या सुमारास बेल्जियममध्यें तें हृच्छूलावरील औषध म्हणून जन्मास आलें. पुढें १९७० सालीं ऑक्सफर्ड येथें फिजींतील भारतीय वंशाचे डॉक्टर ब्रामा सिंग व त्यांचे गुरु व्हॉन विल्यम्स यांनीं त्याचा तालावरील परिणाम दाखवून दिला, आणि आज तें मुख्यतः तालभंगावरच दिलें जातें. परंतु त्याच्या वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आयोडीन असल्यामुळें गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीवर, शिवाय फुप्फुसांवर व यकृतावर, लक्ष ठेवावें लागतें. ज्यांच्या घरीं ही गोळी चालू आहे त्यांनीं ठरावीक काळानें रक्ततपासणी टाळूं नये.

"हीं सारीं विलायती विषें, आपल्या मुळ्या निरुपद्रवी" असें समाधान मानणाऱ्यांसही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडील सर्पगंधेच्या मुळांतून १९३१ सालीं दिल्ली येथें सलिमुज्जमां सिद्दिकी यांनीं एक द्रव्य वेगळें काढलें आणि हकीम अजमल खान यांच्या नांवावरून त्यास अजमलिन हें नांव दिलें. हृदयाच्या लहरींवर त्याची सत्ता एवढी कीं युरोपांत आजही एका आनुवंशिक तालदोषाची परीक्षा तें टोंचून करितात. याच सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं एका ब्रिटिश वैद्यकपत्रांत प्रसिद्ध करून जगापुढें मांडला. सर्पगंधा नाडी मंदही करिते. मेटोप्रोलॉल घेणाऱ्यानें कोणाच्या सांगण्यावरून तिचें चूर्ण चालू केल्यास पुन्हां तेच दोन पहारेकरी उभे राहतात. मुळी गुणकारी आहे म्हणूनच ती बिनधोक नाहीं. वैद्यांची पुडीही डॉक्टरांस दाखवावी, आणि डॉक्टरांची चिठ्ठी वैद्यांस.

आपल्या बीड जिल्ह्यांत हा प्रश्न अधिक बिकट होण्याचें कारण उघड आहे. ११ तालुक्यांच्या या जिल्ह्यांत आष्टीचा माणूस अहिल्यानगरकडे जातो, परळी-अंबाजोगाईचा लातुराकडे, गेवराईचा संभाजीनगराकडे, आणि ज्याचा मुलगा पुण्यास त्याचे डॉक्टर पुण्यास. एकाच म्हाताऱ्या माणसाच्या चिठ्ठ्या चार गांवांत पसरतात. आणि आपल्या वाड्याबाहेर पाहिलें तर याहून कठीण. दसरा-दिवाळीनंतर लाखों ऊसतोड कुटुंबें बालाघाटाचे डोंगर उतरून पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. घरीं राहिलेल्या म्हाताऱ्याची महिन्याची गोळी संपली कीं आणून देणारें कोणी नसतें, आणि जी गोळी एकाएकीं सोडूं नये तीच एकाएकीं सुटते. आपल्या शेतावर वा दाराशीं अशीं घरें असतील तर गोळ्यांची एवढी विचारपूस करणें आपणांस जड जाऊं नये. अंबाजोगाईस १९७० नंतरच्या दशकांत ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें. ज्यांनीं निजामी राजवटींत याच गांवीं, तेव्हांच्या मोमिनाबादेस, राष्ट्रीय शिक्षणाचें कार्य केलें त्या स्वामी रामानंद तीर्थांचें नांव त्यास आहे. तेथवर पोंचणें अनेकांस शक्य असतें. मात्र पोंचतांना हातांत सर्व चिठ्ठ्या असाव्यात.

आतां घरांत काय करावें तें सांगतों. घरांतील प्रत्येक हृद्रोग्याची एकच वही असावी आणि ती देवघराजवळ किंवा फोनजवळ, सर्वांस ठाऊक अशा जागीं ठेवावी. तींत प्रत्येक औषधाचें नांव, मात्रा, वेळ, कोणीं व कधीं लिहून दिलें हें असावें. चूर्णें, काढे आणि डोळ्यांत घालावयाचे थेंबही लिहावे, कारण काचबिंदूवरील टिमोलॉलचे थेंबसुद्धां नाडी मंद करितात. 'विशेष कांहीं नाहीं' हें उत्तर घरांतून हद्दपार करावें. वही पुढें करावी.

आठवड्यांतून दोनदां, पांच मिनिटें स्वस्थ बसल्यावर, पुरें एक मिनिट नाडी मोजून वहींत लिहावी. ही नाडी ५० च्या खालीं आली आणि सोबत भोवळ, थकवा किंवा धाप असेल तर त्याच दिवशीं डॉक्टरांस विचारावें; ४० च्या आसपास आली किंवा माणूस बेशुद्ध झाला तर वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें. नाडी प्रथमच अगदीं वेडीवांकडी लागली, किंवा बसल्या जागीं १२० च्या वर धांवूं लागली, तर त्याच दिवशीं आलेख काढवावा.

जिभेखालची गोळी मूळच्या बाटलींतच, उजेड व उष्णता यांपासून दूर ठेवावी. वैशाखांत आपल्याकडे पारा ४० अंशांवर जातो आणि खिशांतली गोळी निकामी होऊं शकते. कळ आल्यास बसून एक गोळी घ्यावी. पांच मिनिटांत उतार नसल्यास किंवा कळ वाढत असल्यास १०८ क्रमांकास फोन करावा. रुग्णास जिना उतरावयास लावूं नये. पुरुषत्वासाठीं जीं औषधें हल्लीं सर्रास घेतलीं जातात त्यांच्यासोबत ही गोळी प्राणघातक ठरूं शकते. अशा प्रसंगीं संकोच सोडून डॉक्टरांस खरें सांगावें. नायट्रेटाची रोजची गोळी सकाळीं आठ व दुपारीं तीन अशी लिहिलेली असल्यास ती 'सोयीसाठीं' सकाळ-संध्याकाळ करूं नये. रात्रीं औषधाविना कांहीं तास गेले तरच त्याचा गुण टिकतो.

रॅनोलाझिन किंवा अ‍ॅमिओडॅरोन चालू असतां ताप-खोकल्यासाठीं क्लॅरिथ्रोमायसिनसारखें प्रतिजैविक किंवा 'गॅस'साठीं डोमपेरिडोनयुक्त गोळी दुकानांतून परस्पर आणूं नये. दोन्ही आलेखावरील तें अंतर आणखी लांबवितात. जुलाब-उलट्या झाल्यास, किंवा लघवीची गोळी चालू असतां कडक उपास केल्यास, शरीरांतील पोटॅशियम व पाणी घटतें आणि तालभंगास वाव मिळतो.

उपासाचा विषय निघालाच म्हणून शेवटीं काकांकडे वळतों. घरीं आल्यावर त्यांची मेटोप्रोलॉलची गोळी डॉक्टरांनीं कमी मात्रेनें पुन्हां चालू केली, व्हेरापामिल कायमचें बंद झालें. पुढली एकादशी आली तेव्हां काका म्हणाले, "आज पाणीसुद्धां नाहीं, गोळी उद्यां." वहिनी पेला हातांत घेऊन तशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, ज्यांनीं व्रत मोडत नाहीं अशा आठ गोष्टी तुम्हीच आम्हां मुलांसुनांना शिकवल्यात. त्या एकदां म्हणून दाखवा." काकांनीं पुरा श्लोक म्हटला. त्या आठांत पहिलें पाणी आणि शेवटचें औषध. जुन्या धर्मशास्त्रकारांनींच तशी गणना करून ठेविली आहे. श्लोक संपल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग हात पुढें करून गोळी घेतली. वहीतील त्या दिवसाच्या रकान्यांत वहिनींच्या अक्षरांत नाडी ६२ अशी नोंद आहे, आणि तिच्या खालीं काकांनीं स्वहस्तें लिहिलें आहे: 'औषध घेतलें.'